बसलिंगप्पा अण्णांची वीज कंपनी

बसलिंगप्पा अण्णा भर दुपारी आमच्या घरी आले, की आधी दिवा लावायचे आणि मग बसायचे. बाहेर सोलापूरचं ऊन मी म्हणत असायचं. माझी बायको दिवा बंद करायला उठली, की अण्णा कळवळून म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या की वयनी! कंपनी आपली हाय!"

अण्णा आमचे शेजारी, पेंडीचे व्यापारी. गावाला वीज पुरवणाऱ्या खाजगी कंपनीचे पंचवीस शेअर त्यांच्या घरात होते. तेवढ्या जोरावर ते रस्त्यातल्या विजेच्या खांबावरून मायेनं हात फिरवायचे. स्वतःच्या घरात मात्र एकच मिणमिणता बल्ब. मालकानं गिऱ्हाईक व्हायचं नसतं, हे त्यांचं तत्त्व.

मी शाळामास्तर. माझ्याकडे कापडगिरणीचे दहा शेअर होते. गिरणीत संप झाला, भाव कोसळला, की माझं जेवणावरचं लक्ष उडायचं. अण्णांना माझी कीव यायची.

"मास्तर, तुमचा भाव बाजार ठरवतंय. आमचे दर सरकार ठरवतंय, नफा किती घ्यायचा ते पण सरकारच ठरवतंय. लई वर न्हाय, लई खाली न्हाय. सरकार बघून घेतंय की!"

"नफा सरकारनंच बांधलाय, तर आम्ही कितीही दिवे जाळून तुम्हाला जास्त काय मिळणार?" मी एकदा विचारलं. अण्णा विचारात पडले. मग उठले आणि आतल्या खोलीतलाही दिवा लावून आले.

त्यांना भीती एकच, सरकारची. म्हणून ते बाजारभाव वाचत नसत, मंत्री वाचत. सोलापुरात मंत्री आले, की अण्णा सभेत पहिल्या रांगेत. भाषण ऐकायचे नाहीत, नुसतं कपाळ बघायचे. "आज आठी न्हाय. दर वाढवून देतेत," असं येऊन सांगायचे. एकदा तीन आठ्या दिसल्या, तर आठवडाभर त्यांचं दुकानात लक्ष नव्हतं. पुढे कळलं, मंत्र्यांची दाढ दुखत होती.

आणि एक दिवस खरंच बातमी आली. कंपनीच्या परवान्याची मुदत संपत होती. सरकार कंपनी ताब्यात घेणार, शेअरवाल्यांना मोबदला देणार. मी पेढे मागायला गेलो, तर अण्णा तोंड पाडून बसलेले.

"मोबदला मिळतोय, मग कसली काळजी?"

"शेअर जातंय की मास्तर. एन माडूद? काय करायचं आता?"

म्हातारा हावरट आहे, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात पोस्टमन आला. हातात कंपनीचं दरवर्षीचं पाकीट. दार सताड उघडं, अण्णा समोरच, तरी तो खणखणीत ओरडला, "गौरम्मा बसलिंगप्पा बिराजदार!"

मी चपापलो. गौरम्मा म्हणजे अण्णांची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आत हाय ती. द्या, मी घेतो," अण्णा म्हणाले. पाकीट न फोडताच त्यांनी देवळीत ठेवलं. तिथं तशीच पाच बंद पाकिटं होती.

"शेअर तिच्या नावावर घेतलेलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "गेली म्हणून कळवलं, तर कंपनी नाव काढतीय. म्हणून कळवलंच न्हाय. वरसातनं एकदा दारात तिच्या नावानं हाक येतीय, तेवढंच."

मला माझीच लाज वाटली.

पोस्टमन पायरीवर घुटमळत होता. अण्णांनी त्याला विचारलं, "सरकारनं घेतल्यावर पाकीट यायचं बंद व्हतंय की रे?"

"पाकीट न्हाय आलं तर न्हाय आलं, अण्णा," तो खांद्यावरची पिशवी सावरत म्हणाला, "मी हाक मारून जाईन की."