मॅग्नेशियमनंतरचा मजला

काशीनाथ मेश्राम भंडाऱ्यात चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि पत्नी गेल्यावर गुरुग्रामला मुलाकडे, चौदाव्या मजल्यावर राहायला आले. पहिल्याच महिन्यात ते दोनदा चुकीच्या टॉवरमध्ये शिरले. त्या सकाळी सिद्धांतनं स्पष्टच सांगितलं, "बाबा, आजपासून एकटं खाली जायचं नाही. तुमच्या आता लक्षात राहत नाही."

सिद्धांत लॅपटॉप उघडून मीटिंगला बसल्यावर काशीनाथ न सांगताच चपला घालून निघाले. रागाच्या भरात चष्मा घरीच राहिला.

परत आले तेव्हा लिफ्ट बंद पडली होती. जिन्यातल्या पाट्या दिसेनात. या वेळी चुकायचं नाही म्हणून त्यांनी प्रत्येक मजल्याला एकेक मूलद्रव्य दिलं. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. फ्लोरिनला पायरीवर बसून दम घेतला. सिलिकॉन आलं, म्हणजे चौदावा मजला आला.

मोजणी बिनचूक होती. पण तेरा आकडा अशुभ म्हणून बिल्डरनं बारानंतर, म्हणजे मॅग्नेशियमनंतर, थेट चौदाची पाटी लावली होती. मेंडेलीव्हनं न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठीसुद्धा तक्त्यात जागा राखून ठेवली, हे काशीनाथांनी हजारो मुलांना शिकवलं होतं. इथे असलेला आकडाच कुणी गाळला असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

घर उजवीकडचंच; दार उघडं होतं. बाहेर चपला. आत पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी निजवलेलं. सिद्धांत. सकाळी आपण त्याच्याशी बोललोही नाही. विचारायची हिंमत होईना. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि ढसाढसा रडू लागले.

त्या घरात तोवर कुणी रडलं नव्हतं. मृताचा मुलगा राघव जवळ येऊन बसला.

"आप पिताजी को कब से जानते थे?"

पिताजी. काशीनाथांना इतकं हायसं वाटलं की हसू फुटलं, आणि त्या हसण्याची लाज वाटून ते आणखी रडले.

"अभी-अभी से," ते म्हणाले.

राघवनं त्यांचा हात धरला आणि मग तोही रडला.

शववाहिका खाली येऊन उभी होती. तिरडी जिन्यानं न्यायची, आणि खांदे तीनच: राघव आणि पानिपतहून आलेले दोन चुलतभाऊ. काशीनाथ उठू लागले, पण त्यांना कुणी उचलू देईना. त्यांनी राघवला मजला विचारून घेतला आणि मुलाला फोन लावला. सिद्धांत गेटवर सिक्युरिटीवाल्यांवर ओरडत त्यांनाच शोधत होता.

"पंधराव्यावर ये," काशीनाथ म्हणाले. "माणूस कमी पडतोय."

सिद्धांत धापा टाकत, चिडून वर आला. दारातूनच त्यानं वडिलांना पाहिलं, तिरडी पाहिली आणि काही न विचारता चौथा खांदा दिला.

दोन मजले उतरल्यावर राघवनं सिद्धांतला विचारलं, "आप किस टॉवर में रहते हैं?"

"इसी में. आपके ठीक नीचे."

"अच्छा. फिर तो आपको बहुत तकलीफ हुई होगी. पिताजी दिनभर लाठी ठोकते चलते थे."

सिद्धांतनं पाच वर्षांत त्या ठकठकीची तीनदा लेखी तक्रार केली होती. पुढच्या वळणावर एक चुलतभाऊ खांदा बदलायला थांबला. सिद्धांतनं मात्र तळमजल्यापर्यंत खांदा बदलला नाही.