साहेबांचं शून्य

संचालकबाईंनी मागवलेला तक्ता संगणक विभागाच्या साहेबांनी जेवणाच्या सुट्टीआधीच भरून टाकला. विभागातल्या कोणाचं काम यंत्राकडे जाण्याचा धोका किती टक्के, एवढंच लिहायचं होतं. दारावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी पंचाण्णव दिले. सर्व्हरच्या खोलीत बूट काढून वावरणाऱ्या, आणि म्हणून सगळे ज्याला 'मोजे' म्हणत त्या तंत्रज्ञाला ब्याण्णव. स्वतःपुढे शून्य टाकलं, आणि ते जरा बारीक दिसतंय म्हणून ठळक केलं.

साहेब नेमकं काय करतात, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. आलेलं पत्र ते 'लक्ष घालावे' असं लिहून पुढे ढकलत. बैठकीत पुढच्या बैठकीची तारीख ठरवत. कोणी कसली परवानगी मागितलीच, तर तीन दिवस दाबून ठेवत आणि मग देत. लगेच दिली तर माणसं डोक्यावर बसतात, असं त्यांचं मत होतं.

संचालकबाईंनी तक्ता वाचून चष्मा काढला.

"शून्य?"

"माझ्याशिवाय इथं पान हलत नाही, मॅडम."

"असं? मग उद्या घरी बसा. कोणाला कारण सांगू नका. काय काय अडतं ते बघते. परवा दहा वाजता पुढच्या वर्षीची पदं ठरवायचीच आहेत, त्यात तुमचंही ठरवू."

दुसऱ्या दिवशी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून घरातल्या टेबलाशी बसले, फोन समोर ठेवून. अकरापर्यंत तो वाजला नाही. साडेअकराला त्यांनी बायकोला आतल्या खोलीतून फोन करायला लावला.

"वाजतोय की," ती बाहेर येऊन म्हणाली. "फोन चांगला आहे. बिघाड दुसरीकडे असेल."

बारा वाजता एका विमावालीचा फोन आला. साहेबांनी तिच्याशी कामाच्या आवाजात वीस मिनिटं बोलून घेतलं. शेवटी तिनेच घाई आहे म्हणून ठेवला.

"कोणी विचारत नाही म्हणजे सगळं सुरळीत चाललंय," बायको म्हणाली. "चांगलंच आहे ना?"

"तुला नाही कळायचं ते!"

दोन वाजता मात्र त्यांनी ठरवलं. आपोआप काही अडत नसेल, तर अडवायला हवं. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि विभागाच्या मुख्य खात्याचा पासवर्ड बदलून टाकला. आता झक मारत फोन करतील, म्हणून ते पाय पसरून बसले. संध्याकाळ झाली तरी फोन गप्पच. काय काय ठप्प झालंय ते तरी बघावं म्हणून त्यांनी खातं उघडायला घेतलं, तर नवा पासवर्ड आठवेना. तिसऱ्या चुकीला खातं कुलूपबंद झालं. त्यांचं दाराचं कार्डही त्याच खात्याला जोडलेलं होतं. ही सोय त्यांनीच, मोठं भाषण ठोकून, सुरू केली होती.

सकाळी पावणेदहाला दाराने त्यांना आत घ्यायला साफ नकार दिला. साहेबांनी मोजेला फोन लावला.

"अरे मोजे, कालपासून मुख्य खातं बंद आहे आणि तुम्ही झोपा काढताय?"

"बंद आहे? कळलंच नाही साहेब. दोन वर्षं झाली, आम्ही ते वापरतच नाही. तुमच्या मंजुरीला तीन दिवस लागायचे ना, म्हणून मॅडमना विचारून आम्ही वेगळी सोय करून घेतली."

"बरं, आता ते खातं उघड!"

"उघडतो की. फक्त अर्ज लागेल. तुम्हीच काढलेला नमुना आहे. खाली विभागप्रमुखांची मंजुरी."

"विभागप्रमुख मीच आहे, मूर्खा!"

"हो, पण मंजुरी त्याच खात्यातून द्यावी लागते," मोजे अदबीने म्हणाला.

पंचाण्णव टक्केवाल्या पहारेकऱ्याला त्यांची दया आली. त्याने भेटायला येणाऱ्यांची वही पुढे सरकवली. "पाहुणे म्हणून सोडतो साहेब. एवढं भरा."

नाव लिहिलं. वेळ लिहिली. कोणाला भेटायचं, तेही लिहिलं. चौथा रकाना होता, 'काय काम आहे'. साहेबांनी 'देखरेख' लिहिलं आणि खोडलं. 'समन्वय' लिहिलं, तेही खोडलं. मागे एक नळवाला उभा होता. त्याने "जरा द्या" म्हणून वही ओढली, 'गळका नळ' असं लिहिलं आणि पिशवी उचलून आत गेला. साहेब पेन धरून उभेच राहिले. दहा वाजले, सव्वादहा झाले.

तेवढ्यात संचालकबाई जिना उतरून आल्या. "नळवाला आला का?"

"गेला वर, मॅडम," पहारेकरी म्हणाला.

"बरं झालं. सकाळपासून सगळं अडलं होतं त्याच्यावाचून." मग त्यांना साहेब दिसले. "अरे, तुम्ही इथे?"

"मॅडम, ती बैठक... पदांचं..."

"झाली की. दहा मिनिटांत सगळं ठरलं, तीन दिवस नाही लागले." त्यांनी वहीत डोकावून बघितलं, मान हलवली आणि त्या वर निघून गेल्या.

पहारेकरी वही हळूच स्वतःकडे ओढत म्हणाला, "तो रकाना रिकामा सोडला तरी चालतं, साहेब."