नायिकेचा गुडघा

चष्मेवाल्यांचं मत वाचल्याशिवाय वाचनालयातलं कोणी नव्या कादंबरीला हात लावत नसे. मत वाचल्यावर तर मुळीच लावत नसे, कारण मग वाचायचं उरतंय काय? दर महिन्याला दाराशेजारच्या फलकावर त्यांचा कागद लागायचा. प्रेम आणि मैत्रीवरच्या ताज्या कादंबऱ्या हा त्यांचा खास प्रांत. ‘नायकाच्या एकटेपणाला खोली आहे, पण खिडकी नाही,’ असलं काहीतरी ते लिहायचे आणि लोक माना डोलवायचे. ते वाक्य कळलं नाही असं कबूल करायला या जगात फार मोठं मन लागतं.

या थाटात एक किरकोळ उणीव होती. चष्मेवाले पुस्तकं वाचत नसत. वाचायची त्यांची बायको.

चष्मेवाल्यांना वेळ कुठला? दिवसभर आपल्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे. “अक्षरं हल्ली फार बारीक छापतात हो,” असं कोणी कुरकुरलं, की ते हसून म्हणायचे, “छपाई बारीक झालेली नाही, तुमचा नंबर वाढलाय.” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, आणि त्यावर दुकान चाललं होतं.

रोज सकाळी ते बेसिनपाशी दाढी करायचे आणि बायको दाराला टेकून गोष्ट सांगायची. गालाला फेस, नळ सोडलेला आणि मधूनमधून, “मग?”

“मग ती बेकरीवाली पोरगी त्या होडीवाल्यावर रुसते. पण मला विचाराल तर—”

“अगं, तुला कोण विचारतंय? पुढे काय झालं ते सांग.”

या महिन्यात नवी पुस्तकं दोन आली होती. एकात बेकरीवाली तरुणी आणि तिचा होडीवाला, दुसऱ्यात एकत्र राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या मैत्रिणी. बायकोनं पहिलं संपवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी “आता हे दुसरं पुस्तक हं,” असं बजावून पुढचं सुरू केलं. तेव्हा चष्मेवाले डोळे मिटून तोंडावर पाणी मारत होते. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की तिचा गुडघा बदलायची वेळ आली आणि मैत्रिणीनं दागिने विकले. होडीवाला कुठे गेला, हा प्रश्न त्यांना पडला नाही असं नाही. पण आधुनिक कादंबरीत माणसं अशी मधेच नाहीशी होतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

नेमकं त्याच महिन्यात बेकरीवालीच्या लेखिकाबाईंना वाचनालयानं बोलावलं. कार्यक्रमाच्या शेवटी वाचक मंडळाच्या नव्या अध्यक्षांचं नाव जाहीर व्हायचं होतं. अध्यक्षपदासाठी चष्मेवाले कधीपासून गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. त्या दिवशी त्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि कोटाला दोनदा इस्त्री करून घेतली. बायको तिसऱ्या रांगेत, पंख्याच्या वाऱ्याबाहेर बसली.

चष्मेवाले उठले, खाकरले आणि म्हणाले, “या कादंबरीचं धाडस आहे ते काळाच्या झेपेत! आरंभी ऐन पंचविशीतली, होडीच्या धक्क्यावर वाट बघणारी नायिका. आणि शेवटाकडे तिचाच गुडघा बदलावा लागतो! मधली चाळीस वर्षं लेखिकेनं सरळ गाळली. काय हा संयम!”

टाळ्या पडल्या. निवृत्त हेडमास्तर गहिवरून म्हणाले, “तो गुडघ्याचा प्रसंग! मला तर पुस्तक मिटून ठेवावं लागलं.”

“गुडघा हे प्रतीक आहे,” दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पुस्ती जोडली. “प्रेमात वाकण्याचं.”

“मी तो भाग दोनदा वाचला,” ग्रंथपाल म्हणाले.

लेखिकाबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “माफ करा,” त्या म्हणाल्या, “पण माझ्या कादंबरीत गुडघा नाहीये.”

कोणीही शहाणा माणूस इथे खाली बसला असता. पण अध्यक्षपद समोर दिसत होतं. “बाई,” चष्मेवाले प्रेमानं म्हणाले, “आपण काय लिहून गेलो, ते लेखकाला नेहमीच कळतं असं नाही.”

“अहो, ती अठ्ठावीस वर्षांची असताना पुस्तक संपतं!”

हेडमास्तर बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. डॉक्टरीणबाईंना पर्समध्ये काहीतरी तातडीनं सापडेना.

“इथं कोणी वाचलीय का हो ही?” लेखिकाबाईंनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता, रडवेला होता. तीन वर्षं राबून लिहिलेलं पुस्तक होतं ते.

तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला. “मी वाचलीय.”

“आवडली?”

“निम्मी,” बायको उभी राहून म्हणाली. “बेकरी फार छान उतरलीय, पहाटेची भट्टी तर अगदी डोळ्यांसमोर येते. पण त्या होडीवाल्यावर तिनं का जीव टाकावा? ती रोज मनातलं सांगते आणि तो आपल्या कामापुरतं तेवढं उचलतो. तुला काय वाटतं, असं एकदाही विचारत नाही. शेवटी ती त्याच्याकडे परत जाते, ते मला पटलं नाही. बाईमाणूस इतकं सोसतं खरं. पण पुस्तकात तरी नको होतं.”

लेखिकाबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, “मलाही तेच वाटत होतं.” बायको खाली बसली. चष्मेवाले मात्र उभेच होते. होडीवाला कोण, हे आता त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

अध्यक्ष बायको झाली.

पुढच्या महिन्यात नवी कादंबरी आली. सकाळी बेसिनपाशी चष्मेवाल्यांनी सवयीनं विचारलं, “मग?”

“मग काय? टेबलावर आहे, वाचा. मला फलकाचं लिहायचंय.”

त्यांनी चडफडत पुस्तक उघडलं. नाकाशी धरलं, मग लांब धरलं, मग हात पुरेना म्हणून खिडकीत जाऊन उभे राहिले.

“अगं, हल्ली फार बारीक छापतात,” ते म्हणाले.

बायकोनं कागदावरून मान वर केली नाही. “छपाई बारीक झालेली नाही,” ती म्हणाली, “तुमचा नंबर वाढलाय.”