सामंतकाका आणि टाइट शेड्यूल

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत कुणाचंही डोकं दुखलेलं चालत असे, फक्त ते ‘सिव्हिअर’ दुखून चालत नसे. सामंतकाकांचं बोट लगेच वर जायचं. ‘सिव्हिअर हेडेक? मग नक्की कुठे गेला होतात?’

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा, प्रशांत, मस्कतला. सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी कचेरीत रजेचे अर्ज तपासण्यात काढली. अर्ज इंग्रजीत, आणि प्रत्येक अर्जात तीच जोडपी. सिव्हिअर हेडेक, अर्जंट वर्क, सडन डिमाइज. एका कारकुनाची आजी म्हणे दर मे महिन्यात सडन डिमाइज पावायची. तेव्हापासून काकांचं मत पक्कं झालं.

‘इंग्रजीत हे शब्द ठरलेल्या जोडीनेच हिंडतात हो. हेडेक आलं की सिव्हिअर आलंच. आयती जोडी मिळाली की माणसाला डोकं चालवावं लागत नाही. आणि थापाड्याला आयतंच हवं असतं.’

मी एकदा सोसायटीची मीटिंग चुकवली. ‘अर्जंट काम होतं’ म्हणालो आणि फसलो.

‘ज्याला खरं काम असतं तो सांगतो, सासूला पनवेलच्या बसमध्ये बसवायला गेलो होतो. तुम्ही मॅच बघत होतात.’

मी मॅचच बघत होतो.

बिल्डरच्या जाहिरातीतल्या ‘प्राइम लोकेशन’ला आम्ही सगळे भुललो. काका मात्र संशय येऊन आधीच एका संध्याकाळी येऊन खाडीचे डास चावून घेऊन गेले होते. ‘मग तरी फ्लॅट घेतलात?’ मी विचारलं. ‘प्रशांतला खाडी आवडायची,’ एवढंच म्हणाले आणि विषय बदलला.

त्यांचा विश्वास फक्त तळवलीहून मासे घेऊन येणाऱ्या जनाबाईवर. ‘कालची हाय बाबा, पन बरफान होती,’ असं ती स्वतःहून सांगायची. काका खूश होऊन कालचीच घ्यायचे.

इमारतीत पहिला फोन आमच्याकडे आला. प्रशांत शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, आमच्या नंबरावर फोन करी. काका बरंच आधी ‘जरा पेपर बघतो’ म्हणत येऊन बसत. सकाळचा पेपर, संध्याकाळी. माझ्या बायकोला पक्का संशय, की हे भज्यांच्या वासाने येतात.

त्या वर्षी प्रशांत गणपतीला येणार होता. आधीची काही वर्षं तो आलाच नव्हता, त्यामुळे काकांनी घर डोक्यावर घेतलं. भिंतींना रंग झाला, नवी गादी आली. जनाबाईलाही ताकीद मिळाली, ‘विसर्जन झालं की आजची सुरमई आण. पोरगा येतोय.’

गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी काका मखराचं सामान आणायला वाशीला गेले आणि फोन नेमका लवकर आला.

‘काका,’ प्रशांत मला म्हणाला, ‘बाबांना सांगा ना, यंदा नाही जमणार. टाइट शेड्यूल आहे.’ मागे टीव्ही मोठ्याने चालू होता, कुणीतरी खदाखदा हसत होतं. मला चक्क सामंतकाकांची बाधा झाली. खोटं बोलतोय, वाटलं.

थोड्या वेळाने काका आले, काखेत थर्माकोल. मी जमेल तेवढं सांभाळून सांगितलं, ‘प्रशांतला यायला जमत नाहीये. कामं फार आहेत म्हणे.’

‘असं म्हणाला? नेमके शब्द सांगा.’

माझा नाइलाज झाला. ‘टाइट शेड्यूल.’

बोट वर आलं. अर्ध्यावर थांबलं. मग ते थर्माकोलची कड चाचपू लागलं.

‘असतं हो,’ काका म्हणाले. ‘तिकडे फार टाइट असतं शेड्यूल.’

मला फार वाईट वाटलं. ते पुढे काहीतरी तपासतील, निदान टीव्हीचा आवाज होता का एवढं तरी विचारतील, म्हणून मी घाबरून बसलो होतो. त्यांनी काहीच विचारलं नाही.

पाच दिवस गणपती बसला. आरतीला येणारा प्रत्येक जण प्रशांतची चौकशी करी आणि काका तबक पुढे करत म्हणत, ‘टाइट शेड्यूल आहे त्याचं.’ लोक माना डोलवत. काकांचा अर्ज बिनतक्रार मंजूर होत होता.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जनाबाईने त्यांच्या दारात पाटी उतरवली. मी माझ्या दारात चपला घालत होतो.

‘घ्या बाबा, सुरमय. आजची हाय, तुमच्या पोरासाटी.’

‘टाइट शेड्यूल आहे गं त्याचं.’

‘म्हंजे काय?’

काका मग खाली पाटीकडे बघत म्हणाले, ‘येत नाही तो.’

काकांनी सुरमईवरचा हात मागे घेतला.

‘कालचं काही आहे का?’ त्यांनी विचारलं.