सगुणीचं शेपूट आणि साळिंदर पंडितांचा सहसंबंध

एका जंगलात, बाळांनो, वानरं उडी आधी मारत आणि विचार मागाहून करत. त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं.

ओढ्यापलीकडे एक उंबर होता. उंबरं पिकली की टोळी ओढ्यावरून उड्या टाकी. सगळ्यांत लांब उडी सगुणीची. तिचं शेपूट मात्र वीतभरच. बाकीचं लहानपणी एका बिबट्याने ठेवून घेतलं होतं.

एका वर्षी ओढ्याला भारी ओढ होती. एक वानर पडलं ते वाहत वाहत दुसऱ्याच जंगलात गेलं आणि तिथेच संसाराला लागलं. म्होरक्या दौलतराव काळजीत पडला. त्याने साळिंदर पंडितांना बोलावलं.

"उडीला लायक कोण, ते मोजून ठरवू," पंडित म्हणाले.

त्यांनी वेलीने सगळ्यांची शेपटं मोजली. जमिनीवर रेघ आखली. ज्याचं शेपूट जेवढं, तिथे त्याने एक खडा ठेवायचा. मधोमध ही रास झाली! दोन्ही बाजूंना उतरत गेली.

"बघा, देवळातली घंटाच जणू! बहुतेक सगळे मध्ये. हाच निसर्गनियम."

वानरं खूश झाली. पार डाव्या टोकाला एकच खडा होता. सगुणीचा.

मग उड्या मोजल्या. पंडितांनी मान डोलावली. "शेपूट लांब, त्याची उडी लांब. याला सहसंबंध म्हणतात. आखूड शेपटांना उडी बंद!"

"अहो, पण माझी उडी..." सगुणी म्हणाली.

"बाई, एकीच्या उडीने शास्त्र ठरत नाही."

"मग शास्त्राने माझी उडी ठरते होय?"

"ठरली," पंडित म्हणाले.

आया सकाळ-संध्याकाळ पोरांची शेपटं ओढू लागल्या. सगुणी अलीकडच्या काठावर बसून पाला चघळू लागली. वाऱ्यावर उंबरांचा वास आला की ती पाण्यापर्यंत जाऊन परत येई.

पहिल्या उडीचा मान लांबलचक शेपटाच्या यशवंताला मिळाला. उडी मोजायच्या दिवशी त्याच्या पायात काटा होता, तेव्हा पंडितांनी त्याची उडी शेपटावरूनच काढली होती. यशवंताला पाण्याची भीती वाटे. पण एवढा मान मिळाल्यावर नाही कसं म्हणायचं? त्याने डोळे मिटले, उडी टाकली आणि धारेच्या मधोमध पडला.

"आई गं!"

सगळ्यांनी पंडितांकडे पाहिलं. पंडितांनी खड्यांकडे पाहिलं.

सगुणीला बंदीची आठवणच राहिली नाही. तिने धारेतल्या खडकावर झेप घेतली, वाहत्या यशवंताचं शेपूट धरलं आणि त्याला काठाला ओढलं. लांब शेपटाचा तेवढा उपयोग झाला.

"पंडित, हे कसं काय?" दौलतरावाने विचारलं.

"अपवाद," पंडित म्हणाले. "दोन अपवाद." त्यांनी दोघांचे खडे उचलून ओढ्यात फेकले. "आता बघा! सहसंबंध पहिल्यापेक्षा चोख!"

वानरांनी टाळ्या वाजवल्या. तरी दौलतराव धास्तावला होता. नवी मोजणी होईपर्यंत त्याने सगळ्यांच्याच उड्या बंद केल्या.

"आणि सगुणी?" एका पोराने विचारलं.

"ती मोजणीतच नाही," पंडित म्हणाले. "तिला नियम कसला?"

सगुणी तोवर उंबरावर पोचली होती. तिने हे ऐकलं आणि भरल्या तोंडात आणखी एक उंबर कोंबलं.

तात्पर्य: बाळांनो, नेहमी चारचौघांसारखं असावं, म्हणजे मोजणीत मानाची जागा मिळते. उंबरं मिळतीलच असं नाही.