ध्रुपद कोणी गाळले?

तारखा आणि जबाबदार व्यक्ती प्रथम नोंदवतो. माघातला शेवटचा रविवार: यशवंतरावांनी आपली दीर्घ कविता आमच्या पेठेतील वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी सुवाच्य अक्षरात लिहून दिली. स्वीकारणारे: संपादक. रंगपंचमी: स्मरणिका निघाली, प्रत्येक कडव्याखालची ओळ गायब. जबाबदार: तेच. त्यापुढचा शनिवार: कवितेचे जाहीर वाचन. जबाबदार: संपादक, अध्यक्ष, सर्व श्रोते आणि तिसऱ्या रांगेत बसलेला मी.

यशवंतराव कसबा पेठेत माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. ते माणसांचे बोलणे ऐकत नाहीत, अक्षरे मोजतात. अंगठा सतत बोटांच्या पेरांवर फिरत असतो. आठ भरली की चेहरा खुलतो; नाही भरली की समोरच्याच्या तोंडावर, "अक्षर सांडलं!" दारावरची भाजीवाली एकदा सहज म्हणाली, "मेथी घ्या हो, ताजी ताजी." मेथी त्यांना वर्ज्य आहे. तरी दोन जुड्या घेतल्या. आठ भरली होती.

मी दिवाणी न्यायालयातला निवृत्त शिरस्तेदार. भिंतीपलीकडे रोज दुपारी झांजेच्या ठेक्यावर एकच ओळ घोकली जाते, याबद्दल मी त्यांना रीतसर लेखी नोटीस दिली. उत्तर त्याच दिवशी आले:

नोटीस ही मज आली,
वाचता ती मौज झाली.
एक चूक आढळली
पहिल्याच ओळीखाली.

चूक खरोखरच होती. मी दुरुस्त प्रत पाठवली.

घोकली जाणारी ओळ अशी: "सांगा बुवा, पुढे सांगा, आम्ही मागे उभे आहो." मी एकदा जिन्यात त्यांना अडवून विचारले, "अहो, दर चार ओळींनंतर हेच? वाचकाला एकदा सांगून कळत नाही का?"

"कळण्यासाठी नाही हो, शिरस्तेदार. बुवांना दम घ्यायला."

बुवा म्हणजे एक कीर्तनकार. गावोगावी त्यांची कीर्तने होत आणि त्यांच्या मागे झांज घेऊन यशवंतराव उभे असत. बुवांनी पद म्हणावे, थांबावे. मागच्याने ध्रुपद उचलावे. तेवढ्यात बुवांनी उपरण्याने घाम टिपून पुढच्या कथेला लागावे. उभी हयात यशवंतरावांनी दुसऱ्याची ओळ उचलली. बुवा गेले, तेव्हा कुठे स्वतःच्या पहिल्या ओळी लिहिल्या, बुवांवरच:

गळा बसे, तरी हसे,
तबल्याचा ठेका फसे,
कथेला ना खंड असे...

संपादकांना मी समक्ष विचारले. म्हणाले, "तीच ती ओळ होती हो. पुनरुक्ती काढली. कविता कशी सुटसुटीत झाली!" देवळातली घंटाही पहिल्या टोल्यानंतर उतरवून ठेवावी, म्हणजे देऊळही सुटसुटीत होईल, असे मी म्हणालो. त्यांनी चहा मागवला.

शनिवारी यशवंतराव धुतलेले धोतर नेसून उभे राहिले. पहिले कडवे म्हटले आणि थांबले. मान किंचित मागे वळली. श्रोत्यांच्या हातात स्मरणिका. तिच्यात ओळच नाही. कोणी खोकले. त्यांनी दुसरे कडवे म्हटले. थांबले. पुन्हा मान मागे. तिसऱ्याला अध्यक्ष कानाशी वाकून म्हणाले, "विसरलात का? छापलेलं देऊ?"

ते खाली बसले.

ती ओळ त्या सभागृहात आणखी एका माणसाला तोंडपाठ होती. तिच्याविरुद्ध त्याने नोटीस काढलेली होती. तो उठला नाही. स्मरणिकेत नसलेला मजकूर सभेत कसा बोलावा, असा विचार तो करीत राहिला.

तेव्हापासून भिंतीपलीकडे शांतता होती. मी मागितली होती तशीच, संपूर्ण. ती मला सोसवेना. परवा दुपारी मी भिंतीपाशी उभा राहिलो आणि चिरक्या आवाजात म्हणालो, "सांगा बुवा, पुढे सांगा, आम्ही मागे उभे."

मग झांजेचा एक बारीक नाद.

"अक्षर सांडलं, शिरस्तेदार. पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हटले. पलीकडून दुसरे कडवे आले.

सबब, संपादकांनी छापील खुलासा पाठवू नये. येत्या रविवारी पाच वाजता आमच्या अंगणात संपूर्ण कविता होईल. यशवंतराव कडव्याशेवटी थांबतील आणि मान मागे वळवतील. तेव्हा संपादकांनी सर्वांसमक्ष, उभे राहून, मोठ्याने उत्तर द्यावे. सूर नसला तरी चालेल. अक्षरे भरली पाहिजेत.