चुरी सरांची एक दशांश सेकंदाची चूक

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. मला तिसऱ्या मजल्यावर पोचायला बेचाळीस सेकंद लागतात. हातात भाजीची पिशवी असेल तर एक्कावन्न. हे मला ठाऊक असायचं खरं तर काही कारण नाही, पण आमच्या समोरच्या दारात चुरी सर स्टॉपवॉच घेऊन उभे असतात.

"काय वहिनी, गुडघा धरलाय का? मंगळवारपेक्षा चार सेकंद जास्त!"

आता पिशवीत पाच किलो कांदे असताना माणसाने काय उत्तर द्यावं? सुरुवातीला मी चिडायची. नंतर नंतर शेवटच्या दहा पायऱ्या मीच जोर लावून चढायला लागले. काय करणार, शेजारधर्म!

सर शाळेत पीटी शिकवायचे. त्याशिवाय तीस वर्षं त्यांनी जिल्ह्याच्या आणि राज्याच्या शर्यतींमध्ये शेवटच्या रेषेवर वेळ घेतली. धावणारा रेषेवर आला की घड्याळ दाबायचं, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर इथे आचोळ्यात, आमच्या समोरच फ्लॅट घेतला. काकू गेल्यापासून एकटेच असतात, पण स्वस्थ कुठले बसायला!

सोसायटीच्या सत्यनारायणाला सरांनी भटजींना भर पूजेत विचारलं, "तिसऱ्या अध्यायाला गेल्या वर्षीपेक्षा दीड मिनिट कमी लागलं. मधलं काही गाळलं नाही ना?" ते भटजी पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात जावयाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ही नुसती हीट झाली हं, पहिली फेरी. फायनल बाकी आहे. लेन सोडू नका." जावई बिचारा आजही सर दिसले की भिंतीकडेने चालतो.

आणि सरांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "घड्याळ खोटं बोलत नाही वहिनी, माणूस बोलतो."

तर अशा या माणसाचं दरवर्षी दिवाळी संपली की एक काम माझ्याकडे यायचं. देशातल्या थोर धावपटूंचा, उड्या मारणाऱ्यांचा, भालाफेक्यांचा सन्मान करणारा एक राष्ट्रीय हॉल ऑफ फेम आहे. तिथे नाव लागलं की माणूस कायमचा मोठा झाला. त्यासाठी कोणाचं नाव सुचवायचं तर फॉर्म भरावा लागतो. मी जन्मभर कचेरीत टायपिंग केलेलं, त्यामुळे सर फाइल घेऊन माझ्याकडे हजर.

नाव दरवर्षी एकच. सेलिना, राहणार भुईगाव, चारशे मीटर.

"राष्ट्रीय स्पर्धेतली पदकं?" मी विचारायची.

"लिहा, थोडक्यात हुकली."

"सर, असं कोणी लिहितं का?"

"बरं, मग लिहा, तांत्रिक कारणाने हुकली."

तिकडून दरवर्षी अगदी सभ्य उत्तर यायचं, की राष्ट्रीय कामगिरीशिवाय विचार करता येत नाही, क्षमस्व. सर ते पत्र फाइलला लावायचे आणि म्हणायचे, "हीटमध्ये बाद. पुढच्या वर्षी बघू." असे अकरा फॉर्म झाले. आमचे हे म्हणायचे, "अगं, म्हाताऱ्याचा नाद आहे, भर की." मीही भरत राहिले.

यंदा मात्र फॉर्ममध्ये नवा रकाना आला. खेळाडूची स्वतःची सही हवी.

"चला मग," मी म्हटलं, "भुईगाव काय लांब आहे? रिक्षाने जाऊन येऊ."

तर सरांचं तोंड एवढंसं झालं. आज पाय दुखतो, उद्या एकादशी. परवा म्हणे ती घरी नसेल. माझी सेकंदं मोजणारा हा माणूस आठ दिवस नुसती टाळाटाळ करत होता! शेवटी मीच रिक्षा बोलावली आणि त्यांना आत बसवलं.

गास गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना शेतं लागली, तेव्हा सर एकदम बोलायला लागले.

"वहिनी, चूक माझी आहे. सेलिना माझ्या शाळेतली. राज्याच्या शर्यतीत अनवाणी धावली. पहिली लेन, म्हणजे वळण सगळ्यात अवघड. शेवटच्या शंभर मीटरला चौथी होती. तिथून जी सुटली... अहो, मी तीस वर्षांत तसं धावणं पाहिलं नाही. आम्ही तिघं वेळ घेत होतो. दोघांनी घड्याळ दाबलं."

"आणि तुम्ही?"

"मी ओरडत होतो. दोन्ही हात वर करून. घड्याळ दाबायचं विसरलो."

मला आधी हसूच आलं, पण त्यांच्याकडे बघून गिळलं. तीन घड्याळं असली की मधली वेळ धरतात. दोनच उरली, तर जास्तीची धरायची, असा नियम. त्या दोन वेळांत एक दशांश सेकंदाचा फरक होता. सरांचं घड्याळ कमी वेळेशी जुळलं असतं तर तीच मधली ठरून सेलिना पात्रतेच्या वेळेत बसली असती, राष्ट्रीय स्पर्धेला गेली असती. नियमाने जास्त धरली आणि ती राहिली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

"तिला सांगितलंत?"

"तोंड कुठे होतं मला?"

सेलिनाबाई वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडत होत्या. साठीच्या, केस पांढरे, पण चाल बघावी! "सर? माझे सर?" म्हणत धावतच आल्या. खुर्च्या मांडल्या, कोकम सरबत आणलं. सरांनी पेल्याला हात लावला नाही. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे उभे राहिले आणि सगळं घडाघडा सांगून टाकलं. तिच्या नावाने ओरडणं, विसरलेलं घड्याळ, दशांश, अकरा फॉर्म, सगळं. शेवटी म्हणाले, "तुझं नाव तिथे लागायला हवं होतं सेलिना. माझ्यामुळे राहिलं."

मी मनात म्हटलं, आता ही रागावली तर या माणसाला घरी कशी नेऊ?

"म्हणजे ते तुम्ही होता?" बाई म्हणाल्या.

"काय?"

"शेवटच्या वळणाला माझ्यात काही उरलं नव्हतं सर. थांबणारच होते. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, 'चल सेलिना, चल!' माझ्या बापाने पण माझं नाव असं कधी घेतलं नव्हतं. त्याच्यावर तर धावले मी. घरवाला गेला, वादळात वाडी आडवी झाली, तेव्हा पण तोच आवाज आठवून उठले. आणि एवढी वर्षं मला माहीतच नाही, कोण ओरडलं होतं ते!"

सर मटकन खुर्चीत बसले आणि सरळ रडायला लागले. बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मीही डोळ्यांना पदर लावला, उगाच खोटं कशाला बोला.

बाईंनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर जुळवत. वर टोपलीभर केळी दिली.

परत येताना सर मांडीवर केळ्यांची टोपली सांभाळत बसले होते. आचोळे आलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, फॉर्म उद्याच पाठवा. पण यंदा ते नाही म्हणाले तरी चालेल हो मला."